विंचवाचं बिऱ्हाड

भातकापणी सुरू झाली की कोकणातल्या सरकारी दवाखान्यांत विंचू चावलेले रुग्ण वाढतात. पेंढ्याचे भारे उचलताना, बांधावरचा दगड बाजूला करताना, सरपणाच्या ढिगात हात घालताना बोटाला आग लागल्यासारखी कळ येते. तोवर विंचू दुसऱ्या फटीत गेलेलासुद्धा असतो. उन्हाळ्यात पुन्हा तेच. उकाड्याने माणसं अंगणात, ओटीवर अंथरूण टाकतात आणि विंचूही रात्री भक्ष्य शोधायला बाहेर पडतात. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, मागीलदारी रचलेल्या गोवऱ्या ही सगळी माणसाची सोय खरी, पण विंचवालाही तितकीच मानवते. आपण त्याच्या घरात गेलो की तो आपल्या घरात आला, हे ठरवणं अवघडच आहे.

वयाचा हिशेब धरला तर तोच जुना रहिवासी. विंचवांचा वंश चाळीस कोटी वर्षांहून जुना आहे. डायनोसोर यायच्या कितीतरी आधीपासून ते आहेत आणि अंगाचा आराखडा त्यांनी फारसा बदललेला नाही. पुढे दोन आकडे, आठ पाय, मागे गाठीगाठींची शेपटी आणि तिच्या टोकाला नांगी. आठ पाय म्हटल्यावर लक्षात येईल की विंचू हा कीटक नाही. तो कोळ्याचा, गोचिडाचा भाऊबंद. डोक्यावर दोन आणि कडेला आणखी काही असे बरेच डोळे असूनही नजर बेताचीच. त्याचा भरवसा पायांवर. वाळवंटी विंचवांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की वाळूत दडलेला किडा हलला तर अर्ध्या मीटरवरून विंचवाला त्याचा ठाव लागतो. वाळूतून येणारा कंप कोणत्या पायाला आधी आणि कोणत्या पायाला नंतर पोचला, यावरून तो दिशा धरतो. पोटाखाली कंगव्यासारखी एक जोडी असते. जमिनीचा पोत आणि वास तो तिच्यातून घेतो. अन्नाशिवाय कित्येक महिने काढायची त्याची तयारी असते, कारण शरीराची भट्टी अगदी मंद जळत असते. म्हणून पावसाळाभर न हलवलेल्या लाकडांच्या ढिगात तो निवांत बसू शकतो.

मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. ती पांढुरकी, मऊ पिल्लं लगेच आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सतत बदली होणाऱ्या नोकरदाराला लावतो. माझ्या खात्यातल्या माणसांना तर ती फारच जवळची. पण ज्याने ती पहिल्यांदा म्हटली त्याने विंचवाची मादी नीट पाहिली होती, एवढं नक्की. त्याचबरोबर पिल्लं आईला पोखरून खातात आणि ती मरते अशीही एक समजूत गावोगाव आहे. ती मात्र खोटी. मादी थकलेली असते, हालचाल मंदावलेली असते. पुढे पिल्लं आपापल्या वाटेने निघून जातात, आई तिच्या.

अशाच एका समजुतीचा फडशा फ्रान्समधल्या एका शाळामास्तराने पाडला होता. झां-आन्री फाब्र हे त्याचं नाव. नोकरी सुटल्यावर त्याने उरलेलं आयुष्य प्रोव्हान्समधल्या आपल्या माळावर किडे पाहण्यात घालवलं. आगीच्या रिंगणात सापडलेला विंचू स्वतःलाच नांगी मारून आत्महत्या करतो, असं युरोपात शतकानुशतकं सांगितलं जाई. फाब्रने निखाऱ्यांचं रिंगण करून पाहिलं. विंचू उष्णतेने सैरभैर झाला, शेपटी झाडली, वाकडातिकडा होऊन निपचित पडला. फाब्रने त्याला उचलून गार वाळूवर ठेवलं आणि थोड्या वेळाने तो चालू लागला. विंचवाच्या विषाची बाधा त्याला स्वतःला सहसा होतही नाही. विंचवांचं मीलनही फाब्रने लिहून ठेवलं आहे. नर मादीचे दोन्ही आकडे आपल्या आकड्यांत धरतो आणि दोघं कितीतरी वेळ पुढे-मागे फिरत राहतात, एखाद्या नाचासारखी. कंदिलाच्या उजेडात रात्रीमागून रात्री बसल्याशिवाय हे दिसत नाही.

आपल्याकडे पाहणारे नव्हते असं नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे विषाच्या जोरावरून तीन वर्ग केलेले आहेत: मंद, मध्यम आणि महाविष. कुठले विंचू शेणातून, कुठले विटा-लाकडांतून निपजतात हेही दिलं आहे. निपजण्याचा भाग सोडून द्या. विंचू कुठे सापडतात याची ती नोंद आहे आणि आजही बरोबर आहे. सगळे विंचू सारखे विषारी नसतात, हे तर तिथे स्पष्टच सांगितलेलं आहे.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर दोन विंचू ओळखता आले तरी पुष्कळ. एक मोठा, काळा. त्याला बऱ्याच ठिकाणी इंगळी म्हणतात. दिसायला भयंकर, आकडे खेकड्यासारखे जाड. चावला तर ठणकतं भरपूर, पण जीव सहसा जात नाही. दुसरा लाल किंवा तांबूस-पिवळा, बोटभर लांबीचा, बारीक आकड्यांचा आणि त्यामानाने जाड शेपटीचा. शास्त्रीय नाव होटेंटोटा टॅम्युलस. 1798 मध्ये फाब्रिशियस या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली. जगातल्या सर्वांत घातक विंचवांत याची गणना होते. आकडे बारीक आणि शेपटी जाड असेल तर सावध राहावं, हा ठोकताळा ढोबळ आहे पण उपयोगाचा. ज्याच्या आकड्यांत भक्ष्य चिरडायची ताकद आहे त्याला विषाची गरज कमी. ज्याचे आकडे नाजूक त्याचा सगळा भरवसा नांगीवर. लोक आकाराला भितात. मी पाहिलेल्या नातेवाइकांपैकी कित्येकांनी ‘छोटासाच होता हो’ असं सांगून स्वतःची समजूत घातलेली असते.

या लाल विंचवाच्या विषात अनेक छोटी प्रथिनं असतात. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमचे आयन आत घेणारी दारं असतात. ती क्षणभर उघडतात, संदेश पुढे जातो आणि दार मिटतं. विंचवाचं विष हे दार मिटू देत नाही. मग मज्जातंतू थांबायचं विसरतो आणि संदेशामागून संदेश पाठवत सुटतो. शरीराचा जो कारभार आपल्या इच्छेवर चालत नाही, म्हणजे घाम, लाळ, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं आकुंचन, त्या सगळ्या यंत्रणेत एकदम वादळ उठतं. आधी उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ. पुरुषांत आणि लहान मुलग्यांत लिंगाला ताठरता येते. नातेवाईक ही गोष्ट लाजेने सांगत नाहीत, पण डॉक्टरच्या दृष्टीने ती मोलाची खूण असते. विष रक्तात भिनलं आहे, एवढं तिच्यावरून कळतं. त्यानंतर अॅड्रेनालिनचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. हृदयाला आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलायचं असतं. ते धापा टाकतं, दमतं आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साठू लागतं. मूल खोकू लागतं, झोपवलं की घाबरतं, बसायला मागतं. तोंडाशी गुलाबी फेस आला की वेळ फार थोडा उरलेला असतो.

यात एक विचित्र गोष्ट आहे आणि ती घरच्यांना सांगावीच लागते. चावल्या जागी वेदना प्रचंड आहे, रुग्ण ओरडतो आहे, पण घाम नाही, उलटी नाही, हातपाय उबदार आहेत, तर तो बहुतेक वेळा धोक्याबाहेर असतो. आणि जो मुलगा फारसा ओरडत नाही, नुसता घामाने निथळतो आहे, दोन उलट्या झाल्या आहेत आणि ज्याचे पाय गार लागतात, त्याच्याकडे सगळं काम टाकून धावायचं असतं. गोंगाट करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. गप्प पडलेला मागे राहतो.

विंचू चावून माणूस नक्की कशाने मरतो, हे बराच काळ नीट माहीत नव्हतं. 1961 मध्ये मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहून विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरतं याकडे लक्ष वेधलं. तरीही खेड्यातल्या दवाखान्यात पोचलेल्या रुग्णाला मिळायचं ते वेदनाशामक, गुंगीची इंजेक्शनं, स्टिरॉइड आणि अॅट्रोपिन. अॅट्रोपिनने घाम आणि लाळ थांबते, त्यामुळे बरं वाटल्यासारखं दिसतं. पण ते हृदयाचा उरलासुरला लगामही काढून घेतं आणि आधीच उधळलेले ठोके आणखी उधळतात.

1976 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीतून नागपूरला जाऊन एमबीबीएस झालेले. त्यांच्या हाती काय होतं? एक खाट, रक्तदाब मापक, स्टेथोस्कोप आणि वही. विंचू चावलेले रुग्ण येत, रात्रभरात दगावत. गंभीर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या पुढे होतं. बावसकर खाटेशेजारी बसून राहिले. किती वाजता चावला, उलटी कधी, घाम कधी, दाब किती, पाय कधी गार पडले, हे सगळं तासातासाने लिहीत गेले. 1978 मध्ये त्यांचं पत्र ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि 1982 मध्ये लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयाचा धोका आधीच ओळखायच्या खुणांवरचा लेख. लॅन्सेट म्हणजे जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांतलं मानाचं पान. तिथे खेड्यातल्या आरोग्य केंद्रातून लेख जाणं ही तेव्हा कुणाच्या कल्पनेतली गोष्ट नव्हती. आज तरी किती जणांच्या कल्पनेत आहे, हा वेगळा प्रश्न.

खुणा कळल्या, पण औषध? सगळा खेळ आवळलेल्या रक्तवाहिन्यांचा आहे, हे एकदा पटल्यावर त्या सैल करणारं काहीतरी हवं होतं. बावसकरांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते काम करायचं, पण सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि दाब मिनिटामिनिटाला पाहावा लागतो. एक डॉक्टर, एक परिचारिका आणि बाहेर चाळीस रुग्ण अशा जागी ते परवडत नाही. मग त्यांची नजर गेली प्राझोसिनवर. उच्च रक्तदाबासाठी सत्तरच्या दशकात बाजारात आलेली ही साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. अॅड्रेनालिन रक्तवाहिनीला ज्या खुंटीला धरून आवळतं, ती अल्फा नावाची खुंटीच प्राझोसिन अडवून बसतं. विष जे करू पाहतं त्याच्या नेमकं उलट. 1986 मध्ये बावसकर दांपत्याचा प्राझोसिनवरचा लेखही लॅन्सेटमध्येच आला. डॉ. प्रमोदिनी बावसकर यांचं नाव अशा वेळी सांगायचं राहून जातं, ते राहू नये.

ही गोळी काम करताना पाहणं हा हातांनी घ्यायचा अनुभव आहे. तिथे मॉनिटरपेक्षा तळहात जास्त सांगतो. मुलाच्या पायाच्या अंगठ्याला हात लावायचा. गार. अर्ध्या तासाने पुन्हा. गारच. ठरल्या अंतराने पुढची मात्रा द्यायची, पुन्हा हात लावायचा. कधीतरी घोटा कोमट लागतो, मग पाऊल, आणि शेवटी अंगठे. ऊब वरून खाली सरकत येते. आई पदराने पाय चोळत बसलेली असते आणि तिला वाटतं की चोळण्याने पाय गरम झाले. वाटू द्यावं. एक काळजी मात्र फार महत्त्वाची. प्राझोसिन दिल्यावर रुग्णाला उभं करायचं नाही. लघवीला जायलासुद्धा उठवायचं नाही, कारण दाब एकदम पडून चक्कर येते. उलट्या-घामाने अंगातलं पाणी गेलेलं असतं, तेही भरून काढावं लागतं. त्यामुळे ही गोळी घरी ठेवून आपल्या मनाने द्यायची नाही, हे ओघाने आलंच.

गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण पुढे 1 टक्क्याच्या आसपास आलं. एखाद्या आजारात असा आकडा खाली यायला सहसा मोठी रुग्णालयं, यंत्रं, कोट्यवधींचा निधी लागतो. इथे एका जुन्या गोळीचा नवा उपयोग पुरला. 2022 मध्ये बावसकरांना पद्मश्री मिळाली. त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मकथन बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल.

गोष्ट तिथे संपली नाही. विंचवाच्या विषावर प्रतिविषही आहे. घोड्याला विषाच्या अगदी थोड्या मात्रा टोचत गेलं की त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे बनतं. बावसकरांनी महाडमध्ये 70 रुग्णांवर तुलना केली: निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. 2011 मध्ये हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण दोन्ही औषधांच्या गटात 35 पैकी 32, नुसत्या प्राझोसिनच्या गटात 35 पैकी 8. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ सुमारे 8 तास आणि सुमारे 18 तास. म्हणजे प्राझोसिनने जीव वाचतो, प्रतिविषाने रुग्ण लवकर सावरतो. मात्र प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषालाच गाठू शकतं. मज्जातंतूच्या दाराला चिकटून बसलेल्या विषावर आणि उसळलेल्या अॅड्रेनालिनवर त्याचा जोर चालत नाही. म्हणून जितकं लवकर तितकं चांगलं. आणखी एक. सापावरचं नेहमीचं प्रतिविष विंचवावर चालत नाही. ते आपल्याकडच्या चार सापांच्या विषापासून बनवलेलं असतं. ‘साहेब, ते सापाचं इंजेक्शन तरी द्या’ असा आग्रह होतो तेव्हा हे समजावून सांगावं लागतं.

वेळ जातो कुठे, तर बहुतेकदा उतरवण्यात. गावात विंचू उतरवणारा कोणीतरी असतो. कोणी मंत्र टाकतो, कोणी आघाड्याचं मूळ फिरवतो, कोणी चिंचोका दगडावर घासून दंशावर चिकटवतो. चिंचोका चिकटला म्हणजे विष ओढतोय, गळून पडला म्हणजे विष संपलं. या मंडळींना सरसकट लबाड म्हणायला माझी तयारी नाही. त्यांतले पुष्कळ जण एक पैसाही घेत नाहीत आणि मध्यरात्री उठून येतात. त्यांचा गुण येतो याचं कारण साधं आहे. चावलेल्या विंचवांपैकी बरेचसे कमी विषारी असतात. विषारी असला तरी प्रत्येक वेळी तो पूर्ण मात्रा टोचत नाही. विष बनवायला त्याला बरीच ताकद खर्ची घालावी लागते, म्हणून तो ते जपून वापरतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका विंचवात तर असं आढळलं आहे की तो आधी पोटॅशियमच्या क्षारांनी भरलेला एक पारदर्शक थेंब सोडतो. त्याने वेदना भरपूर होते आणि शत्रू पळून जातो. खरं, दुधासारखं विष तो नंतरसाठी राखून ठेवतो. अशा दंशात काहीच केलं नाही तरी काही तासांत, फार तर दिवसभरात ठणका उतरतो. मांत्रिकाच्या शंभरातले बहुतेक रुग्ण असेच असतात. उरलेल्या थोड्यांसाठी मात्र त्याच्या अंगणात गेलेले दोन-तीन तास परत मिळत नाहीत. काही ठिकाणी आता हे लोकच घाम आणि उलटी दिसली की ‘आधी दवाखाना गाठा’ म्हणतात. ते मला कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं.

विंचू उतरवण्याचा हा सगळा प्रसंग एकनाथांनी सोळाव्या शतकात जसाच्या तसा उचलला आणि त्याचं भारूड केलं. शाहीर साबळ्यांच्या आवाजात ‘विंचू चावला’ ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. भारुडातला विंचू काम-क्रोधाचा आहे आणि उतारा आहे सत्त्वगुणाचा, हे कीर्तनकार सांगतातच. मला कुतूहल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. विंचू चावल्याबरोबर तिथे अंगाला घाम सुटतो. नाथांना पैठणच्या परिसरात अशा दंशाची माणसं दिसली असणार. नुसती वेदना लिहून काम भागलं असतं, पण नेमकी ती खूण आली आहे जी बावसकरांच्या वहीत चारशे वर्षांनी पुन्हा उतरली. शिल्पकारांनीही विंचवाला जागा दिली. खजुराहोच्या एका मंदिरावर मांडीवर विंचू चढलेली अप्सरा आहे. तिथे तो शृंगाराचं निमित्त झाला आहे. आणि चामुंडेच्या अनेक मूर्तींत तिच्या खपाटीला गेलेल्या पोटावर विंचू कोरलेला असतो, भुकेचा डंख दाखवायला. उपासमारीच्या पोटदुखीचं याहून नेमकं चित्र मी वैद्यकाच्या पुस्तकात पाहिलेलं नाही.

आकाशातला विंचू तर सर्वांच्या मालकीचा. मे-जूनच्या रात्री दक्षिणेकडे पाहिलं, ढग नसले, तर वृश्चिक रास सहज ओळखू येते. फार थोड्या राशी नावासारख्या दिसतात, त्यांतली ही. अनुराधा डोक्याशी, तांबूस ज्येष्ठा छातीशी, आणि वळलेल्या शेपटीत मूळ.

आता विज्ञानाने विंचवाच्या विषाकडे उलट्या बाजूनेही पाहायला सुरुवात केली आहे. एखादं ठरावीक दार अडवणारं रेणू निसर्गाने कोट्यवधी वर्षं घासूनपुसून तयार ठेवलं असेल, तर संशोधकाला ते आयतं हत्यार मिळतं. आपल्याच लाल विंचवाच्या विषातून वेगळं केलेलं आयबेरिओटॉक्सिन पोटॅशियमच्या एका विशिष्ट दाराला बूच मारतं आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ते रोज वापरलं जातं. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या एका विंचवाच्या विषातलं क्लोरोटॉक्सिन मेंदूच्या काही गाठींच्या पेशींना जाऊन चिकटतं. त्याला चमकणारा रंग जोडून शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ कुठे संपते आणि निरोगी मेंदू कुठे सुरू होतो हे दाखवायचे प्रयोग रुग्णांवर झाले आहेत. अॅरिझोनाच्या वाळवंटात एक उंदीर आहे, तो विंचू खातो. विंचू त्याला डंख मारतो, उंदीर क्षणभर पाय चाटतो आणि पुन्हा खाऊ लागतो. 2013 मध्ये त्याचं गुपित उलगडलं. वेदना वाहून नेणाऱ्या त्याच्या मज्जातंतूंतलं सोडियमचं एक दार थोडं वेगळं आहे. विष त्याला चिकटलं की ते उघडायच्या ऐवजी बंद होतं. ज्या विषाने इतरांना आग होते, त्यानेच याला भूल चढते. वेदनाशामकं शोधणारे त्या दाराकडे आशेने पाहत आहेत.

आपल्याला मात्र तो उंदराचा वर मिळालेला नाही, त्यामुळे जपूनच राहायला हवं. चप्पल, बूट, गमबूट घालण्यापूर्वी झटकून, उलटे आपटून घ्यावेत. अंथरूण-पांघरूण झटकावं, शक्य तर खाटेवर झोपावं आणि मच्छरदाणीची कड गादीखाली खोचावी. डासांसाठी लावलेली मच्छरदाणी विंचवालाही अडवते. सरपण आणि गोवऱ्या घराच्या भिंतीला टेकून रचू नयेत. त्यांत हात घालण्यापूर्वी काठीने हलवावं. भिंतीच्या भेगा लिंपून घ्याव्यात. कोंबड्या पाळत असाल तर त्या विंचू टिपतात, हा आजीचा अनुभव खरा आहे.

तरीही चावलाच, तर दंशाच्या जागी कापाकापी करू नये, रॉकेल लावू नये, दोरी आवळू नये. बर्फ फडक्यात गुंडाळून लावायला हरकत नाही. घड्याळात वेळ पाहून ठेवावी, डॉक्टरला ती हवी असते. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता सरळ जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. मोठ्या माणसाला घाम, उलटी, गार हातपाय यांतलं काहीही दिसलं तरी तसंच. प्राझोसिन आरोग्य केंद्रात सुरू करता येतं. त्यासाठी आधी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी धाव घेण्यात वेळ घालवू नये. विंचू मारून पिशवीत आणायची गरज नाही. त्या नादात दुसऱ्याला चावलेला मी पाहिला आहे.

आणि रात्री घराभोवती एकदा फेरी मारायची असेल तर अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी फार महाग नसते. विंचवाच्या पाठीच्या कवचात अशी द्रव्यं असतात की त्या उजेडात तो हिरवट-निळा चमकतो. साध्या बॅटरीत दगडाच्या रंगात मिसळून गेलेला विंचू या उजेडात दहा पावलांवरूनही दिसतो. पाठीवरची पांढरी पिल्लं मात्र तेव्हा चमकत नाहीत. ती पहिली कात टाकल्यावर चमकायला लागतात.